सिलचरची पुस्तिका

दिवसभराची देवघेव आटोपून मी मंडळीच्या वाचनालयाची दाखलनोंदवही मिटीत असता पाळकसाहेब आत आले आणि, एका हिंदू विद्यार्थ्याने विष्णुबावा ब्रह्मचारी यांचा ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ मागितला असून तो खरेदी करण्याची तजवीज मी चालविली आहे हे खरे काय, असे त्यांनी शांतपणे विचारले.

“खरे आहे.”

“मग ज्या विधवा भगिनीने सुवार्ताप्रसारासाठी म्हणून दानपेटीत आपली चवली टाकली, तिच्या पैशाने त्याच सुवार्तेचे खंडन विकत घेण्याची मुखत्यारी तुम्हांला कोणी दिली?”

प्रश्न न्याय्य होता, आणि त्याने मी अस्वस्थ झालो हे कबूल केलेच पाहिजे. तरी मी म्हणालो, “साहेब, 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा मिशनऱ्यांशी वाद करीत होते, तेव्हा त्यांच्यासमोर उभे राहणाऱ्या जॉर्ज बोवेन यांनीच तो वाद इंग्रजीत छापून प्रसिद्ध केला. प्रतिपक्षाचे म्हणणे दडविल्याने आपले म्हणणे बळकट होते असे त्यांना वाटले नाही.”

“बोवेन तेथे उत्तर देण्यास हजर होते. तुमचा विद्यार्थी मात्र ग्रंथ घरी नेऊन एकटाच वाचणार.”

“एकट्याने वाचण्याला आपण भ्यावे काय? पंडिता रमाबाई सिलचरला असताना, वकिली करणाऱ्या पतीच्या त्या घरी, स्वतःच्या ग्रंथसंग्रहात त्यांना एक लहानशी पुस्तिका सापडली. ते लूककृत शुभवर्तमान होते. आणि ते ना त्यांच्या मायबोलीत होते, ना त्यांच्या विद्येच्या संस्कृतात, तर त्या मुलखात चालणाऱ्या बंगालीत. ती तेथे कशी आली हे आपल्याला ठाऊक नाही, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. ती त्यांनी आपण होऊनच वाचायला घेतली, हो-नाही म्हणण्याची घाई नव्हती. पुढे पतीची इतराजी झाली, 1882 साली वैधव्य आले, आणि 1883 साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता. त्याच बाईंनी नंतर केडगावी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून, अल्पशिक्षित स्त्रियांनाही कळावे म्हणून, सबंध पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली, छापून पूर्ण झाले. मला तर ग्रंथालयाने सुवार्तेची चाकरी कशी करावी याचा याहून निर्मळ दाखला माहीत नाही.”

पाळकसाहेब बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. “तुमचा दाखला माझ्या बाजूने साक्ष देतो,” ते हळूच म्हणाले. “पुस्तिका आपण होऊन चालत आली नाही. कोणीतरी ती त्या बोलीत उतरविली, कोणीतरी छापली, कोणीतरी त्या घरापर्यंत आणली. आणि त्या कोणीतरी वाचकाची मर्जी आधी विचारली असेल असे मला वाटत नाही. ज्याला तुम्ही एकान्त म्हणता, त्याच्या दाराशी एका प्रेषिताची पावले उमटलेली आहेत. इकडे आपल्या नगरात पद्मशाली विणकरांच्या कित्येक घरांत आजही तेलुगू बोलली जाते, आणि आपल्या कपाटांत तेलुगूचे एक पान नाही. सर्वांना मुभा आहे असे तुम्ही म्हणता, पण ज्याच्या घरची भाषा फळीवरच नाही त्याला कसली मुभा?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. वाचकाच्या स्वातंत्र्याची राखण मी इतकी वर्षे केली, पण ती केवळ मराठी वाचकाची राखण होती हे मला त्या क्षणापर्यंत जाणवले नव्हते. आणि ही उणीव निधीच्या तुटवड्याची नसून माझ्या दृष्टीची होती.

“विष्णुबावा घ्या,” ते उठत म्हणाले, “पण दानपेटीतून नको, माझ्या वेतनातून.” मग त्यांनी पिशवीतून तेलुगू लूकाची एक पातळ प्रत काढली. “ही कोणत्या फळीवर ठेवू?”

“कोणत्याही ठेवा, मात्र कोणी दिली, केव्हा दिली, याची आधी नोंद होऊ द्या. येथे जे येईल ते उघडपणे येईल.”

त्यांनी लेखणी घेतली, वही पुढे ओढली, आणि लिहिण्यापूर्वी थांबून मला विचारले, “सिलचरच्या त्या पुस्तिकेची नोंद कोणी केली होती?”