मुक्या जिवाचा लळा : मोह की दया?



दिवाळी सरली की आपल्या बीड जिल्ह्यातली कित्येक गावे ओस पडू लागतात. कर्ती माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. कोणी इथे तेलगावच्या कारखान्यावर, कोणी थेट पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. मागे घरात म्हातारे माणूस आणि ओट्यावर कुत्रे एवढेच उरते. सहा-सहा महिने त्या म्हाताऱ्याची वाट पाहणारे, तो खोकला तरी कान टवकारणारे दुसरे कोणी नसते. मग जीव त्याच्यात गुंततो. कीर्तनानंतर अशी माणसे जवळ येऊन हळूच विचारतात, "महाराज, अंतकाळी चित्त विठ्ठलापाशी असावे म्हणतात. माझे तर या मुक्या जनावरात अडकले आहे. मग माझे कसे व्हायचे?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याला भागवताचा आधार आहे. पाचव्या स्कंधातली भरतराजाची कथा आपण ऐकली आहे. त्याने राज्य सोडले, पुत्र-कलत्र सोडले, गंडकीच्या तीरावर तप आरंभिले. सिंहाच्या गर्जनेने भ्यालेल्या हरिणीचे पाडस नदीत पडले, ते त्याने काढून वाढवले. पुढे स्नान-संध्या सुटली, पूजा सुटली. मरतानाही डोळ्यांपुढे पाडसच राहिले आणि त्याला हरिणाचा जन्म घ्यावा लागला. एवढा विरक्त राजा एका पाडसापायी अडला, मग आपली काय कथा? असा हा पूर्वपक्ष.

पण महाभारताचे महाप्रस्थानिक पर्वही वाचावे. पांडव हिमालयाकडे निघाले तेव्हा हस्तिनापुरापासून एक कुत्रे त्यांच्या मागे लागले. वाटेत द्रौपदी पडली, भाऊ एकेक करून पडले. धर्मराज पुढेच चालत राहिला. शेवटी इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्रे सोड आणि बस. धर्मराजाने ऐकले नाही. मेलेल्यांना मी परत आणू शकत नव्हतो म्हणून मागे ठेवले. हा जिवंत आहे आणि माझ्या भरवशावर आला आहे, याला टाकणार नाही, असे त्याचे म्हणणे. तेव्हा त्या कुत्र्याच्या रूपाने साक्षात यमधर्मच प्रकट झाला.

एक प्राण्यामुळे अडला, दुसरा प्राण्यासह स्वर्गाच्या दारी उभा राहिला. भेद कुठे? पाडस वाचवले हा भरताचा दोष नव्हे; ते तर पुण्यच. दोष असा की त्याचे सारे जग त्या एका पाडसाएवढे झाले. धर्मराजाने कुत्र्याला 'माझे' म्हटले नाही. 'हा माझ्या आश्रयाला आला आहे' म्हटले. 'हे माझे' या बोलाने जीव बांधला जातो. 'मी याचा आधार' या बोलाने तो मोकळा होतो. लळा तोच असतो, तोंड मात्र निराळ्या दिशेला असते.

आपल्या संतांच्या कथा याच अंगाने पाहा. नामदेवराय तुपाची वाटी घेऊन भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे धावले, ते कुत्रे त्यांनी पाळलेले नव्हते. नाथांनी काशीच्या गंगेची कावड ज्या तहानलेल्या गाढवाला पाजली, ते कोणाचे हे त्यांनी विचारले नाही. गीतेच्या पाचव्या अध्यायात समदृष्टी सांगताना भगवंतांनी गाय, हत्ती यांच्या पंक्तीला कुत्र्याचे नाव मुद्दाम घेतले आहे. घरचे कुत्रे हा पहिला धडा. दारी आलेले परके कुत्रे ही परीक्षा.

2024 सालची एक गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी तालुक्यातील यमगर्णी गावचे 'महाराज' नावाचे काळे कुत्रे धन्याबरोबर पंढरीला चालत गेले. तिथे गर्दीत चुकामूक झाली. धनी शोधून परतला. आणि 14 जुलैला ते कुत्रे, सुमारे 250 किलोमीटर वाट तुडवून, आपल्या दारात येऊन उभे राहिले. गावाने त्याला हार घातला, जेवण घातले. कुत्र्याच्या मनातले आपण काय सांगावे? पण त्याची ओढ खरी. वाट कोणी दाखवली नाही, सोबत नाही, तरी पाय घराकडेच. नाम घेताना ती ओढ आपल्यात किती आहे, हे ज्याने त्याने तपासावे.

आता आचाराचे बोलू. म्हातारे झालेले कुत्रे दूरच्या बाजारात सोडून येणे, मादी पिले म्हणून उकिरड्यावर टाकणे, हे गळ्यात माळ असणाऱ्याला शोभत नाही. धर्मराजाने स्वर्ग नाकारला. आपण गैरसोयीसाठी त्याला टाकतो. दया म्हणजे भाकरीचा तुकडा फेकणे एवढेच नव्हे. दरवर्षी पिसाळीची लस टोचून घेणे हीही दयाच, कारण त्या रोगाची लक्षणे दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही. कोणाला चावा झाला तर जखम साबणाने वाहत्या पाण्यात 15 मिनिटे धुवावी आणि लगेच सरकारी दवाखाना गाठावा. शेजाऱ्याच्या लेकराचे भय हेही भयच आहे. आपल्या लळ्यापायी ते विसरू नये.

ज्यांचे मन गुंतले आहे त्यांना सांगणे एवढेच, की लळा तोडू नका, वाढवा. एका कुत्र्यावरची माया वेशीवरच्या दुसऱ्या कुत्र्यापर्यंत, शेजारच्या एकट्या म्हातारीपर्यंत, कोपीतल्या लेकरापर्यंत गेली, की तिला मोह कोण म्हणेल? माउलींनी पसायदानात सर्व भूतांचे मैत्र मागितले, त्यात मुका जीव वगळलेला नाही. संध्याकाळी त्याच्या पुढ्यात भाकरी ठेवताना विठ्ठलाचे नाव घ्या. नैवेद्य योग्य ठिकाणी पोचेल.

रामकृष्ण हरी.