अंकित

दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगी हे गाव, जेथे सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गातून विजापूर-गदगचा फाटा निघतो आणि जेथे वीरशैवांचा बृहन्मठ आहे, तेथे बसून इंधनघटाच्या पटलावरील शोधनिबंध वाचीत राहणे कोणास विचित्र वाटेल. परंतु त्या वाचनातून मनात उभा राहिलेला प्रश्न रसायनशास्त्रापेक्षा मठातील निरूपणाच्या जवळचा होता. एकाने केलेले काम प्रसिद्ध होऊन दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या हातून फळास आले, तर त्या फळाचा कर्ता कोण?

इंधनघट, ज्याला प्रयोगशाळेत सर्रास फ्युएल सेल म्हणतात, त्यात एका बाजूने हायड्रोजन व दुसऱ्या बाजूने प्राणवायू येतो आणि मध्ये एक पातळ पटल असते. हे पटल प्रोटॉनला वाट देते व इलेक्ट्रॉनला नाकारते. नाकारलेला इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून वळसा घेतो, तीच आपली वीज. नॅफिऑन या प्रचलित पटलाला त्यासाठी ओलावा लागतो, म्हणून ते शंभर अंशांच्या आतच सुखाने चालते. मार्व्हेल व फोगेल यांनी १९६१ साली ज्याची माहिती प्रसिद्ध केली, त्या ज्वाळेलाही दाद न देणाऱ्या पॉलिबेन्झिमिडाझोलला फॉस्फोरिक आम्लात भिजवले असता ते शंभराच्या पुष्कळ वरही प्रोटॉन नेते, असे अमेरिकेतील वेनराइट, सॅव्हिनेल प्रभृतींनी १९९५ मध्ये दाखवले. आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. उल्हास खारुल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्याच पॉलिबेन्झिमिडाझोलची साखळी ज्यांपासून घडते त्यांतील आम्लाचा घटक पालटून, त्या फरकाने प्रोटॉन नेण्याची व वायू वेगळे करण्याची पात्रता कशी बदलते, याचा तपशील रुजू केला. २०२० साली त्याच प्रयोगशाळेने केपीआयटी कंपनीच्या सहकार्याने इंधनघटावरील मोटार चालवून दाखवली, तेव्हा तिच्यातील घट ६५ ते ७५ अंशांवर चालणारा, म्हणजे वेगळ्या कुळीचा होता. एखाद्या फळाकडे बोट दाखवून ‘हे त्या निबंधाचे’ असे म्हणण्याची सोय येथे नाही.

प्रभाव म्हणजे काय, याचे मला पटलेले चित्र त्या पटलाच्या आतच सापडते. प्रोटॉन पटल ओलांडतो असे आपण म्हणतो, पण एका काठाने शिरलेला प्रोटॉनच दुसऱ्या काठाने निघतो असे सहसा घडत नाही. ओल्या पटलातील पाण्याचा रेणू शेजाऱ्याकडून एक प्रोटॉन घेतो आणि स्वतःजवळचा निराळाच पुढच्यास देतो. काही प्रोटॉन रेणूच्या खांद्यावर बसून मजल मारतात हे खरे, तथापि वेगाची वाट या देवघेवीचीच. ग्रोथुस याने १८०६ मध्ये अशी साखळी सुचवली, तेव्हा प्रोटॉन कोणास ठाऊक नव्हता आणि पाण्याचे सूत्रही बरोबर माहीत नव्हते. आज त्याच्या मूळ मांडणीतील फारच थोडे शिल्लक असताना प्रक्रियेला नाव मात्र त्याचेच आहे. त्याची कल्पना आपल्यापर्यंत आली तीही अशीच, दर हाती पालटत.

मग कोणी वेदान्ती म्हणेल की कर्तृत्वाचा अभिमान सोडावा, नावच पुसावे. हे मला मान्य नाही. प्रोटॉनला नाव नाही, कारण त्याला चुकता येत नाही. संशोधकाला चुकता येते. निबंधावरील नाव हा जबाबदारीचा मुचलका आहे, की हे मोजमाप मी केले आणि ते खोटे ठरले तर फिर्याद माझ्याकडे आणावी. नाव पुसणारा नम्र दिसतो खरा, पण तो जाब देण्यातूनही सुटतो.

या मुलखातील वीरशैव संतांनी, म्हणजे शरणांनी, बाराव्या शतकातच यावर तोड काढली होती. आपण रचलेल्या वचनाच्या शेवटी ते अंकित, म्हणजे ओळखीची मुद्रा, घालीत, आणि त्या अंकितात स्वतःच्या नावाऐवजी आराध्याचे नाव असे. बसवेश्वरांचे कूडलसंगमदेव, तर सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांचे कपिलसिद्धमल्लिकार्जुन. वचन दैवताला वाहिलेले, तरी ते कोणाचे हे ऐकणाऱ्यास तत्काळ कळे; श्रेय पलीकडे गेले आणि जाब अलीकडे राहिला. आपले काम पूजेसारखे करावे ते कायक, आणि त्यातून जे हाती येईल ते सर्वांच्या पंगतीत वाढावे तो दासोह, अशी त्यांची शिकवण होती. २००९ चा तो तपशील, जो कोणीही उघडून पाहावा आणि आपल्या भांड्यात पुन्हा करून ताडावा, मला त्याच पंगतीतले वाढप वाटते.

एक गोष्ट मात्र उरते. प्रोटॉन देऊन मोकळा झालेला रेणू लगेच दुसरा पुढे देण्यास समर्थ नसतो; त्याला आधी अंग वळवावे लागते, तेव्हा कुठे तो पुन्हा साखळीत उभा राहतो. देऊन झाल्यावर माणसाला कसे वळावे लागते, हे कोणत्याही निबंधात लिहिलेले नसते. एखाद्या संशोधकाला समोर बसवून ते विचारावे, असे फार दिवस मनात आहे.