लेकराच्या पावलांनी

मे महिन्याची सुट्टी लागली की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. घरात दीड-दोन वर्षांचे लेकरू असेल, तर निघण्यापूर्वी स्वतःस एक प्रश्न विचारावा : ही सहल नेमकी कोणासाठी?

झाशी जिल्ह्यातील गुरसराय हे गाव डोळ्यांपुढे आणा. पेशवाईच्या काळात जी मराठी घराणी बुंदेलखंडात स्थिरावली, त्यांपैकी एक येथील राजघराणे होय. या खडकाळ मुलखात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि दुपारी लू वाहते. समजा, अशा दिवसांत महाराष्ट्रातील एक कुटुंब तेथे नातलगांकडे गेले आहे. मोठ्यांनी ठरविले, एकाच दिवसात बरुआसागरचा तलाव, झाशीचा किल्ला आणि ओरछाचे महाल पाहून घ्यायचे. भर दुपारी जहांगीर महालाच्या तापलेल्या पायऱ्यांवर धाकटे रडू लागते. वडील त्रासून म्हणतात, "एवढा खर्च करून आणले, त्याचे हे फळ!"

परंतु त्या लेकराने ओरछा मागितला होता काय?

साधारण तीन वर्षांच्या आतील प्रसंग मोठेपणी बहुतेकांना आठवत नाहीत. छायाचित्रे राहतील, पण ती आपल्यासाठी. यात पाप नाही. मात्र आपली हौस लेकराच्या नावावर मांडू नये. तहान लागली, डोके तापले, हे त्याला सांगता येत नाही. लहान शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते व लवकर शुष्क होते. ओठ कोरडे पडणे, लघवी कमी होणे, खेळते मूल मलूल होणे, ही त्याची भाषा होय. जो ती ऐकत नाही, तो हट्टी लेकराला म्हणतो. खरा हट्ट कोणाचा, हे आपणच ठरवावे.

उत्पत्तीच्या तेहेतिसाव्या अध्यायात एसाव याकोबाला बरोबर चलण्याचा आग्रह करतो. कित्येक वर्षांनी भेटलेला भाऊ. मन मोडणे कठीण. तरीही याकोब त्याला पुढे जाऊ देतो आणि आपण लहान मुलांच्या व दुभत्या जनावरांच्या चालीने सावकाश येऊ, असे कळवितो. ज्याला सर्वांत कमी चालवते, त्याने ताफ्याची गती ठरवावी, हा त्यातील न्याय आहे.

येथे एक आक्षेप येईल. दहा वर्षांच्या थोरल्या मुलीने इतिहासाच्या पुस्तकात झाशी वाचली आहे. तिने किल्ला पाहू नये काय? अवश्य पाहावा. मग कोणी तरी धाकट्याला घेऊन सावलीत थांबले पाहिजे. वाचकहो, कोण थांबते? बहुतेक घरांत आईच. अनेक गावे फिरूनही तिने पाहिलेली असते ती बहुधा झाडाखालची सतरंजी. लेकराच्या गतीने चालण्याची किंमत एकटीनेच मोजावी, असा नियम कोणी केला? आज वडिलांनी थांबावे, उद्या काकांनी. पाळी ठरवून घेतली तर थोरलीचा हक्क राहतो, धाकट्याचा जीव राहतो आणि आईलाही किल्ला दिसतो.

आणि एखादा दिवस केवळ त्या लेकराचा असावा. गुरसरायहून एरच दूर नाही. तेथे बेतवा वाहते. पहाटे निघावे, उन्हे चढण्यापूर्वी परतावे. काठच्या वाळूत ते एक गोटा उचलील, टाकील, पुन्हा उचलील. पाण्याजवळ त्याचा हात क्षणभरही सोडू नये. घाई मात्र सोडून द्यावी.

हा दिवसही ते विसरेल. मग तो वाया गेला काय? आपणही आपल्या पहिल्या दोन वर्षांत कोणाच्या तरी कडेवर होतो. तो कोणता दिवस, कोणती वाट, काहीही आठवत नाही. तरी माणसांवर विश्वास ठेवण्यास आपण तेथेच शिकलो. ज्याची आठवण राहणार नाही आणि ज्याबद्दल आभारही मिळणार नाहीत, असे देणे देण्याची संधी संसारात फार थोड्या वेळा येते.

येत्या सुट्टीत सामान बांधताना एवढेच ठरवावे : आपल्या घरात सर्वांत हळू कोण चालते, आणि त्याच्यासोबत थांबण्याची पाळी आज कोणाची?