तीच जीप

आमच्या सासुरवाडीला एक जीप आहे असे म्हणावे की होती असे म्हणावे, यावर गेली पस्तीसहून अधिक वर्षे त्या घरात एकमत नाही. वाद घालणारे दोघेही सख्खे भाऊ, म्हणजे माझे मेहुणे. दोघेही अंगणात जाऊन जीपकडे बोट दाखवून भांडतात आणि जीप मध्ये उभी असते. देव आहे की नाही या वादात निदान देव तरी समोर उभा राहून तेल गाळत नाही.

ही जीप आमच्या सासऱ्यांची. ते मेढ्याकडचे डॉक्टर. जावळीच्या खोऱ्यात जिथे रस्ता संपे तिथून पुढे त्यांची व्हिजिट सुरू होई. महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली ही उंच बॉनेटची, पेट्रोलवर चालणारी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला तेव्हा औषधांची खोकी घालून डॉक्टर ह्याच जीपने तिकडे गेले आणि पाच दिवसांनी परत आले. सासरवाडीत कुणाचेही लग्न जमवताना ही गोष्ट सांगतात. माझ्या वेळीही सांगितली होती. मला वाटले, जीप हुंड्यात मिळणार आहे.

डॉक्टर गेले ते १९८४ साली. जीप राहिली. पण १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव जे चढायला लागले ते काही खाली येईनात, आणि ही बया लिटरला सात किलोमीटरच्या पुढे एक पाऊल टाकीना. थोरले मेहुणे पुण्याला बँकेत. त्यांचे म्हणणे, जीप झाकून ठेवा, बाबांची आठवण आहे. धाकटे शेती बघणारे. त्यांचे म्हणणे, आठवणीत गवताचे भारे घालता येत नाहीत. शेवटी १९८६ च्या मे महिन्यात धाकट्यांनी एका अपघातात चेपलेल्या मॅटॅडोरचे डिझेल इंजिन विकत आणले आणि वाड्याच्या अंगणात, थोरल्यांना न कळवता, शस्त्रक्रिया आरंभली. मी तेव्हा सुट्टीला तिथे होतो. जावयाला कामाला लावत नाहीत म्हणतात. मला फक्त पाना धरायला लावले. चार दिवस.

इंजिन बदलणे म्हणजे एक काढायचे आणि दुसरे ठेवायचे, अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात दोन अनोळखी कुटुंबांचे लग्न लावण्यातला प्रत्येक प्रकार त्यात असतो. तीन जाड वासे वर बांधून त्याला चेन-पुली लावली आणि जुने इंजिन उचलले. इथवर सोपे होते. पण मॅटॅडोरच्या इंजिनाची पाठ आणि जीपच्या गिअरबॉक्सचे तोंड यांच्या बोल्टांची भोके जुळेनात. मग सातारच्या एका लेथवर जाड लोखंडाची अडॅप्टर प्लेट कातून आणली. तीही नुसती भोके जुळून भागत नाही. गिअरबॉक्सच्या दांड्याचे टोक फ्लायव्हीलच्या मधल्या बुशात अगदी नेमके मध्यावर बसले पाहिजे. केसभर इकडेतिकडे झाले तर चार महिन्यांत बेअरिंग बोलायला लागते. आमचे मिस्त्री म्हणाले, "दाजी, पत्रिका जुळली तरी मनं जुळाय पायजेत." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे का पाहिले हे मी विचारले नाही.

डिझेल इंजिन वजनाला भारी, म्हणून पुढच्या स्प्रिंगला एकेक पाटा वाढवला. पेट्रोल इंजिन ठिणगीने पेटते. डिझेल नुसत्या दाबाने. पेट्रोलमध्ये हवा साताला एक अशी दाबली तर पुरते, इथे वीस-बावीसाला एक दाबावी लागते, तिचा गरमपणाच डिझेल पेटवतो. साहजिकच असले दाबाखाली वाढलेले इंजिन जागे करायला जुन्या सहा व्होल्टच्या स्टार्टरची ताकद पुरेना. मग बारा व्होल्टची बॅटरी, नवा स्टार्टर, आणि त्यापाठोपाठ दिव्यांपासून हॉर्नपर्यंत सगळे बल्ब आणि तारा. डिझेल पंप इंजेक्टरांकडे जास्तीचे तेल पाठवतो आणि उरलेले परत टाकीत सोडतो, म्हणून ड्रायव्हरच्या बुडाखालच्या टाकीला परतीची एक नळी. आणि सर्वांत मजा म्हणजे, चावी फिरवून हे इंजिन बंद होत नाही. ठिणगीच नाही तर तोडणार काय? त्याचे तेल तोडायला एक वेगळी तार ओढावी लागते. पहिल्या दिवशी धाकट्यांनी चावी काढून खिशात घातली, तरी जीप खुशाल चालू होती. सासूबाईंनी तुळशीकडे पाहून हात जोडले.

मागचा डिफरन्शियल मात्र मूळचाच ठेवला, ५.३८ ला १ असा. म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते तेव्हा जीप जेमतेम ७५ किलोमीटरच्या वेगाने जाते. त्याच्या वर नेली तर ती जाते की नाही ते कळत नाही, कारण आवाजाने विचार करणे बंद होते.

थोरले आले ते गणपतीला. त्यांनी बॉनेट उघडले, बराच वेळ आत पाहिले आणि म्हणाले, "बाबांची जीप विकलीस."

"दादा, समोर उभी आहे की."

"ही? ही मॅटॅडोर आहे. जीपचा सदरा घातलेली."

इथून तत्त्वज्ञान सुरू झाले. मी महाविद्यालयात दोन वर्षे तर्कशास्त्र घेतले होते, त्यामुळे दोन्ही पक्षांना दारूगोळा पुरवण्याचे काम माझ्याकडे आले. प्लुटार्कने थीसिअसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सकरांनी ते जपून ठेवले, फळी कुजली की नवी घालायची, असे करता करता जहाज तेच की दुसरे यावर तत्त्वज्ञांत दोन तट पडले. आपल्याकडे याहून जवळचे उदाहरण आहे. मिलिंद राजा, म्हणजे ग्रीकांचा मिनँडर, भिक्षू नागसेनाला भेटायला रथातून आला. नागसेनाने विचारले, महाराज, आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? सांगाडा म्हणजे? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला आणि शेवटी कबूल झाला की या सगळ्यांच्या जुळणीला व्यवहारात दिलेले नाव म्हणजे रथ. बाकी काही नाही. धाकट्यांना हा भिक्षू फार आवडला. "बघा दाजी, दोन हजार वर्षांपूर्वी निकाल लागलाय."

थोरले म्हणाले, "नागसेनाने राजाच्या रथाला दुसरे घोडे जुंपले नव्हते."

मी मग जगन्नाथपुरीची आठवण काढली. तिथल्या लाकडी मूर्ती काही वर्षांनी, अधिक आषाढ येतो तेव्हा, बदलतात. अलीकडचा नवकलेवर २०१५ साली झाला. मूर्ती संपूर्ण नवी, पण जुनीच्या पोटातला ब्रह्मपदार्थ काढून, डोळे बांधून, हात कापडात गुंडाळून, नव्या मूर्तीत ठेवतात. म्हणून देव तोच. गीतेतही आत्मा तोच राहतो, वस्त्रे बदलतात. आमच्याकडे नेमके उलटे झाले. वस्त्रे तीच आणि आत्मा बदलला! अशा केसबद्दल शास्त्रात काही सांगितलेले नाही. त्यात आणखी एक गंमत: ह्या घराण्याच्या सहा लाखांहून अधिक जीपा दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी लढायला बांधल्या गेल्या, आणि मॅटॅडोरचे इंजिन मूळ जर्मन कुळातले. हिटलरला जे जमले नाही ते आमच्या धाकट्या मेहुण्यांनी मेढ्याला चार दिवसांत केले.

मी नीट विचार केला तेव्हा थोरल्यांची बाजू मला वाटली होती तितकी भक्कम दिसेना. डॉक्टरांनी स्वतः त्या जुन्या इंजिनाचे दोनदा बोअरिंग करून नवे पिस्टन घातले होते. कार्बुरेटर बदलला होता. टायर किती बदलले ते मोजणे नको. आणि ज्या उंच बॉनेटला आम्ही मूळ रूप म्हणतो, ते तरी कुठे मूळ? आधीच्या जीपांचे बॉनेट बसके होते. इंजिनाच्या वरच्या अंगाला इनलेट वाल्व्ह घातले म्हणून इंजिन उंच झाले, आणि १९५३ साली विलीज कंपनीने ते मावावे म्हणून बॉनेट वर उचलले. म्हणजे इंजिन बदलण्याचा पहिला उद्योग खुद्द कंपनीनेच केला होता.

हे मी थोरल्यांना ऐकवले. पण उत्तर आमच्या हिने दिले. ती म्हणाली, "तुमचे केस एकेक करून पांढरे झाले, तेव्हा कुणी काही म्हटलं नाही. एका रात्रीत झाले असते तर डॉक्टरला बोलावलं असतं." मला हे पटले. हळूहळू बदलण्यात एक सभ्यपणा असतो. प्रत्येक नव्या फळीला जुन्या फळ्यांच्या शेजारी राहून घरच्या चालीरीती कळतात.

आरटीओला मात्र यातला कसलाच प्रश्न पडला नाही. कारकुनाने चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, छाप उमटली, आरसी बुकात इंजिन नंबर आणि इंधन बदलून लिहिले, आणि जीप तीच राहिली. आत्मा चासीत असतो हे सरकारी मत आहे. हे झाले १९८६ साली. पुढे १९८८ चा कायदा आला, त्याचे ५२ वे कलम आले, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. इंधन बदलायचे तर मान्यताप्राप्त किट आणि रीतसर परवानगी. तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या अंगणात वासे असतील तर त्यांनी ते मांडवासाठीच वापरावेत.

जुने इंजिन धाकट्यांनी विकले. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका गृहस्थांची अशीच जीप इंजिन जॅम होऊन पडली होती, त्यांनी ते घेतले. ही गोष्ट आम्ही विसरलो होतो. आणि मग एका दिवाळीत, दुपारच्या वेळी, सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. रस्त्यावरून एक जीप गेली. त्यांचा हात सुपात थांबला आणि त्या सहज, आत स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाल्या, "कोण आजारी आहे गं?"

कुणी काही बोलले नाही. नवी जीप अंगणात आली की त्या एवढेच म्हणत, "ह्यांची खोकत यायची. ही भांडत येते."

थॉमस हॉब्ज या इंग्रज गृहस्थाने १६५५ साली थीसिअसच्या जहाजाला एक वाईट खोड लावून ठेवली आहे. तो म्हणतो, समजा कुणी त्या काढून टाकलेल्या जुन्या फळ्या गोळा केल्या आणि त्यांचे जहाज बांधले, तर खरे कुठले? मी हे घरात बोललो नाही. पण थोरल्यांना ते हॉब्ज न वाचताच सुचले. त्यांनी जाहीर केले की बाबांची जीप पलीकडच्या खोऱ्यात आहे. धाकटे म्हणाले, "मग तिचा टॅक्स तू भर."

माझे मत विचाराल तर नागसेन बरोबर आहे, पण त्याच्याकडून मी सेकंडहँड गाडी घेणार नाही. 'तीच' हा शब्द वस्तूबद्दल फारसे काही सांगत नाही. तो कोण कुणाला उद्देशून म्हणतो, यावर सगळे आहे. गवत वाहणाऱ्याला ती तीच आहे. कारकुनाला तीच आहे. सासूबाईंना नाही. विकत घेणाऱ्याला तर हा शब्द उच्चारण्यापूर्वी बॉनेट उघडून दाखवले पाहिजे. माझ्या दोन्ही डोळ्यांत आता परदेशी भिंगे आहेत, आणि तरीही मी आमच्या हिच्याकडे पाहतो तेव्हा पाहणारा मीच आहे असे ती धरून चालते. तिने पैसे मोजलेले नाहीत म्हणून चालते.

विकत घेणारा आलाच. २०१६ साली पुण्याहून एक जुन्या गाड्यांचे शौकीन आले. जीप पाहून हरखले, आणि म्हणाले, "सगळं ओरिजिनल ना?" धाकट्यांनी चहा व्हायच्या आत सगळे सांगून टाकले, प्लेट, पाटे, परतीच्या नळीसकट. त्यांनी किंमत अर्ध्यावर आणली. मग जाता जाता सुचवले: ते जुने इंजिन परत मिळवून बसवलेत तर सांगाल ती रक्कम देतो. पलीकडचे गृहस्थ विकायला तयार होते. थोरले तर पदरचे पैसे घालायला तयार झाले, विकण्यासाठी नव्हे, ठेवण्यासाठी. तीस वर्षांत पहिल्यांदाच दोघा भावांचे एकाच गोष्टीवर एकमत होण्याची वेळ आली.

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या होत्या. त्यांनी विचारले, "ते काढलं तर त्यांची गाडी चालेल का?"

"नाही आई. बंद पडेल."

"त्यांच्या गावाला दुसरी गाडी आहे?"

धाकट्यांनी मान हलवली.

"रात्रीबेरात्री कुणाला न्यायचं झालं तर त्यातनंच नेत असतील," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पेपर वाचू लागल्या.

विषय तिथेच राहिला. शौकीन गृहस्थांना दुसरीकडे जीप मिळाली म्हणतात. थोरले पुण्याला परत निघाले तेव्हा मागच्या पडवीत शिरले आणि डॉक्टरांनी खूप वर्षांपूर्वी काढून टाकलेला जुना कार्बुरेटर पिशवीत घालून घेऊन गेले. आता तो त्यांच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, संगमरवरी ताजमहाल आणि नातवाचा कप यांच्या मध्ये असतो. दर रविवारी ते तो फडक्याने पुसतात. आलेला पाहुणा हमखास विचारतो, हे काय आहे? थोरले सांगतात, "आमच्या बाबांची जीप."