निरवानिरव

आजीच्या लोखंडी पेटीत अगदी तळाशी एक कोरं लुगडं, चोळीचा खण आणि रुमालात गाठ मारलेले थोडे पैसे असायचे. दर दिवाळीच्या आधी ती ते लुगडं उन्हात घाले आणि पुन्हा घडी करून ठेवी. "माझ्यामागं कुणाची पळापळ नको," एवढंच म्हणायची आणि निंदायला शेतात निघून जायची. मला त्या पेटीची भीती वाटे, तिला मात्र ती बिलकूल नव्हती. ती जे करत होती, त्याला मराठीत निरवानिरव म्हणतात. हा शब्द नीट कळायला मला खूप वर्षं लागली.

मरणाचं भान ठेवायचं म्हणजे संसारातून मन काढून घ्यायचं, असं मी कीर्तनं ऐकून समजत होतो. तो समज पहिल्यांदा ढळला समाधीच्या अभंगांनी. १२९६ साली आळंदीला एकवीस वर्षांच्या ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. हातचं काम पुरं झालं होतं. त्या प्रसंगावर नामदेवांनी जे अभंग लिहिले, त्यांत रडणं जराही लपवलेलं नाही. मरण स्वीकारलं म्हणून माया आटत नाही, हे मला तिथं उमगलं. नामदेव त्यानंतरही अर्धशतकाहून अधिक जगले आणि कीर्तन घेऊन पंजाबपर्यंत पोहोचले.

नामदेवांचं मूळ गाव मानलं जातं ते नरसी आमच्या मराठवाड्यातलंच. त्यांची ६१ पदं शिखांच्या ज्या ग्रंथात आहेत, त्याच ग्रंथापाशी ही गोष्ट चारशे वर्षांनी गोदाकाठी येऊन पोहोचते. १७०८च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंग जखमी अवस्थेत होते. चारही मुलं आधीच गेलेली. आता गादी कुणाची, हा प्रश्न त्यांनी स्वतःच मिटवला. यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू. हुजूर साहिबच्या आवारात गेलो की मला दरवेळी हेच आठवतं. आपल्यानंतरही चालायचं आहे असं काही ज्याच्याकडे असतं, तो शेवटचे दिवस स्वतःला वाचवण्यात घालवत नाही.

हे सगळं पटलेलं असतानाच किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, चारच्या सुमाराची वेळ. लोक गणपती बोळवून नुकतेच आडवे झाले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. पावसाळ्यात गळू नये म्हणून त्या माळवदावर दरसाल पांढऱ्या मातीचा नवा थर पडे. बापाच्या थरावर लेकानं थर टाकला, काढला कुणीच नाही. तीच माती अंगावर आली. अधिकृत आकडा आठ हजारांच्या घरात आहे. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. वाचलेल्यांतले कित्येक जण पुढं वर्षानुवर्षं पत्र्याखालीच झोपले.

तिथं निरवानिरवीला एक क्षणही मिळाला नव्हता. कुणाचे पैसे कुणाकडे, कुणाशी अबोला, सगळं ढिगाऱ्याखाली राहिलं. ज्ञानेश्वरांना तिथी ठाऊक होती, गुरूंना थोडा अवधी मिळाला. तुम्हाआम्हाला तोही मिळेल याची खात्री नाही. म्हणून हे काम धडधाकट असतानाच करायचं आणि दर दिवाळीला उन्हात घालायचं. आजी हेच करत होती.

आता त्याला कायद्याचाही आधार आहे. यंत्रांच्या बळावर नुसतं लांबवलेलं मरण नको असेल, तर माणसानं ते आधी लिहून ठेवावं, याला सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ला मान्यता दिली. जानेवारी २०२३मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

लातुरात माझ्या वडिलांनी, आबांनी, हा कागद माझ्यापुढं ठेवला तेव्हा मी चिडलोच. "आबा, आत्ताच कशाला?"

"आत्ता डोकं ठिकाणावर आहे म्हणून." चष्मा पुसत ते म्हणाले, "आणि देहदानाचा फॉर्मही आण. मागं तुम्ही नाही म्हणालात तर माझ्या सहीला अर्थ राहणार नाही, म्हणून आत्ताच सांगतो."

त्या आठवड्यात त्यांनी वहीतली जुनी उधारी फेडली. मग एका सकाळी धोतर नेसून उदगीरच्या बसला बसले. शेताच्या बांधावरून आत्याशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं. दुपारी आत्याचाच फोन आला, "आबा आज येत नाही. भाकरी थापायला घेतल्यात."