झडप बदलल्यानंतर

रुग्णाच्या जगण्याचा दर्जा मोजायला जगभर वापरतात त्या एसएफ-३६ प्रश्नावलीच्या मूळ अमेरिकी रूपात मध्यम श्रमाची उदाहरणं दिली आहेत: टेबल हलवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, गोल्फ खेळणं. भाषांतर करणारे गोल्फ काढून टाकतात, ते ठीकच. पण रुमॅटिक हृदयरोगात अडचण उदाहरणांपुरती नाही. हा दाटीवाटीच्या घरांतला, गरिबीतला आजार. पाच ते पंधरा वर्षांच्या वयात स्ट्रेप्टोकॉकसने घसा दुखतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात आणि जंतूंशी लढायला निघालेली प्रतिकारशक्ती हृदयाच्या झडपांवरच उलटते. धाप किती लागते, जिने किती चढता, एवढं विचारून या आयुष्याचा अर्धाच अंदाज येतो.

उरलेला अर्धा तारखांत असतो. ताप उलटू नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन. झडपेला इजा झाली असेल तर किमान दहा वर्षं, बऱ्याचदा चाळिशीपर्यंत. औषध घट्ट, सुई जाड, टोचलेली जागा ठणकत राहते. रिअ‍ॅक्शनच्या धास्तीने जवळचे डॉक्टर अनेकदा टोचायला तयार नसतात, मग तालुक्याला जा. रोजंदारीवरच्या माणसाचा दर वेळी एक खाडा.

पुढे ऑपरेशन. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे राज्यातल्या गरिबाला झडप बदलून मिळते, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेली देशी झडप १९९० पासून रुग्णांना बसवली जाते. दोन्हींचं मोल मोठं आहे. पण ‘व्हॉल्व्ह बदलला, सुटला एकदाचा’ असं नातेवाईक म्हणतात आणि व्यवस्थाही तसंच धरून चालते. कृत्रिम यांत्रिक झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी जन्मभर घ्यायची, रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआर तपासत राहायचं. गोळी कमी पडली तर झडप अडकते किंवा अर्धांगवायू होतो, जास्त झाली तर रक्तस्राव. मेथी-पालकातल्या ‘के’ जीवनसत्त्वाने गोळीचा असर उतरतो, म्हणून ‘पालेभाजी बंद’ असं सांगून पुष्कळ जण मोकळे होतात. खरं तर भाजी खावी, प्रमाण सारखं ठेवावं. पण पावसाळ्यात रानभाज्या आणि उन्हाळ्यात नुसतं पिठलं असणाऱ्या घरात हे सारखेपण आणायचं कुठून?

बाईचा हिशेब याहून कठीण. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण जवळपास दीडपट होतं. अरुंद झालेल्या मायट्रल झडपेला ते पेलत नाही, आणि अनेकींचा आजार तेव्हाच पहिल्यांदा कळतो. वॉरफरिन सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाला बाधू शकतं. भारतासह १४ देशांत झालेल्या ‘रेमेडी’ पाहणीत ३,३४३ रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया होत्या. त्यांतल्या मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांत गर्भनिरोधक वापरणाऱ्या ३.६ टक्के. मला हा आकडा इकोच्या सगळ्या मोजमापांपेक्षा बोलका वाटतो. छातीवरचा व्रण लपवून जमवलेल्या लग्नात गोळीही लपवूनच घ्यावी लागते. ‘मूल नको’ हे तिने कुणाच्या तोंडावर म्हणायचं?

२०१८ साली जागतिक आरोग्य सभेने या आजारावर ठराव केला. आपल्याकडे त्याचा अर्थ प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचायला हवा: पेनिसिलिनचा साठा, रिअ‍ॅक्शन आलीच तर अ‍ॅड्रेनलिन, गर्भनिरोधनाबद्दल बाईशी एकांतात बोलणारी परिचारिका आणि बोटातल्या थेंबभर रक्तावर आयएनआर सांगणारं यंत्र. त्याच्या पट्ट्या महाग असतात, हे खरं. पण अडकलेली झडप मोकळी करण्याचा खर्च शेवटी त्याच सरकारी तिजोरीतून जातो.