महिन्यातून एक दिवस बंद

"महिन्यातून एक दिवस लॉकडाऊन लावा, हवा आपोआप सुधारेल," डोंबिवलीच्या फलाटावर एक गृहस्थ परवा मोठ्याने म्हणाले आणि आजूबाजूच्या माना डोलल्या. मला ते खटकलं.

२०२०च्या एप्रिलमधलं निळं आभाळ आणि गच्चीवरून लख्ख दिसणारा मलंगगड यांबद्दल वाद नाही. वाहनं थांबली, तसा नायट्रोजन डायऑक्साइड उतरला. पण मार्च संपता संपता समुद्राकडचे वारे जोर धरतात, हवा तापून वर जाते आणि हिवाळाभर जमिनीलगत कोंडलेली धूळ एरवीही पांगते. श्रेयातला थोडा वाटा ऋतूचा आहे.

माझा जुना हट्ट असा, की हवा दोन प्रकारची असते: आकड्याची आणि नाकाची. हवेच्या निर्देशांकात सूक्ष्म धूलिकण, ओझोन, अमोनिया असे आठ घटक धरतात. कारखान्यांतल्या द्रावकांच्या वाफा त्यात नाहीत. एमआयडीसीलगत राहणारा माणूस रात्री खिडकी लावून घेतो, तो मात्र वासाला कंटाळून. २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला, तो पाहायला मुख्यमंत्री आले, आणि पुढच्याच महिन्यात सगळं बंद झालं. डोंबिवलीचं प्रदूषण असं रंगाने आणि वासाने कळतं, आकडा मागाहून येतो. तिथे एक दिवस स्कूटर घरी ठेवून काय साधणार?

शिवाय बंद नक्की कशाचा? टाळेबंदीच्या काळाचा उत्तरार्ध सगळे विसरतात. २२ मार्च २०२०च्या मध्यरात्री लोकल थांबली. १५ जूनला सुरू झाली, ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. फेब्रुवारी २०२१ मध्ये इतरांना ठरावीक वेळांची मुभा मिळाली, एप्रिलमध्ये तीही गेली. लशीचे दोन डोस घेतलेल्यांना डब्यात पाय ठेवता आला तो १५ ऑगस्ट २०२१ला. मधल्या काळात कचेऱ्या उघडल्या होत्या. मग कल्याण-डोंबिवलीचा नोकरदार बस, दुचाकी, चौघांत मिळून केलेली गाडी, जे मिळेल ते घेऊन शिळफाट्याच्या कोंडीत उभा राहिला. त्यात कल्याणचा जुना पत्रीपूल पाडलेला आणि नवा खुला व्हायला जानेवारी २०२१ उजाडला. विजेवर जाणारा माणूस आपण पेट्रोल-डिझेलवर आणून सोडला.

टाळेबंदीने हवेबद्दल काहीच शिकवलं नाही, असं मी लिहिणार होतो. आता तसं वाटत नाही. गाड्या थांबल्या की हवा निवळते, हे दिसायला एक महिना पुरला. लोकल बंद ठेवली की रस्ता कसा भरतो, हे पुढचं वर्षभर दिसत होतं. फोटो मात्र पहिल्या महिन्याचेच फिरतात. कारखान्यांचा वास हा वेगळा खटला, तो प्रदूषण नियंत्रण मंडळाने रात्रीच्या तपासण्यांनी लढावा.

ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. तिची नोंद रेल्वेच्या कामांत झाली. माणूस लोकलमध्ये राहिला की रस्त्यावरचा धूर कमी होतो, म्हणून मी ती हवेच्या कामांत करतो, आणि महिन्यातल्या एका बंदपेक्षा तिची किंमत जास्त धरतो.